जातो म्हणायचं नसतं

अष्टमी, रोहा
१४ एप्रिल १९९६

चि. हितेश,

आशीर्वाद आहेत, पण आज ते रागाच्या खाली ठेवलेत. राग उपसलास की सापडतील.

तू निघून बारा दिवस झाले. या बारा दिवसांत जोह्याच्या आपल्या गणपतीच्या कारखान्यात तुझं नाव दोनच प्रकारे निघालं. आईने घेतलं ते रडून आणि बापाने घेतलं ते ओरडून. आफ्रिकेत गेलास म्हणून नव्हे रे. उंबऱ्यात उभं राहून काय म्हणालास ते आठव. "बरं, जातो." अख्खी आळी निरोपाला उभी होती, सगळ्यांनी ऐकलं. आपल्याकडे कोपऱ्यावरून मीठ आणायला निघालेलं माणूससुद्धा "येतो" म्हणतं. जातो तो एकदाच, आणि तेव्हा त्याला स्वतः बोलावं लागत नाही. तुला एवढा डॉक्टर केला आणि नेमकं हेच शिकवायचं राहिलं.

आणि कशासाठी एवढा तोरा? बापाने म्हटलं, पेणला स्टँडजवळ गाळा घेऊन ठेवलाय, आधी तो उघड. यावर तू "जातो". तुझी पाटी तेव्हापासून कारखान्यातच उभी आहे. "डॉ. हितेश हिरामण म्हात्रे" या अक्षरांवर प्लास्टरची धूळ बसलीय. परवा एक गिऱ्हाईक विचारत होतं, ही कुठल्या मंडळाची ऑर्डर?

बरं, फिरता दवाखानाच चालवायचा होता ना? एकतीस वर्षं सिस्टर म्हणून रोह्याच्या वरच्या वाड्या मी पायांनी तुडवल्या. तिकडे अजूनही औषधाची गाडी कधीतरी देवासारखी उगवते. एसटीने तासाभरात पोचला असतास. पण नाही, समुद्र ओलांडल्याशिवाय सेवा लागू पडत नाही म्हणे.

सगळं सविस्तर लिही. गाडीत बर्फाची पेटी आहे का? सुया उकळता की एकदा वापरून टाकता? भाषा येत नाही तर रोग्याशी बोलतोस कसा, खुणांनी?

तुझा तो "जातो" मी अजून घरात घेतलेला नाही. उंबऱ्याबाहेरच ठेवलाय.

तुझी
गिरजाआत्या

*

सिंगिडाजवळ, टांझानिया
१२ मे १९९६

ती. आत्या,

राग उपसता उपसता दोन आठवडे गेले. आशीर्वाद अगदी तळाशी निघाले, पण निघाले. डोक्याला लावलेत.

आता माझा राग ऐक. आमची गाडी ही गाडी नाही, गाडीची आठवण आहे. दार दोरीने बांधलेलं, हॉर्न खड्ड्यात आपोआप वाजतो आणि पाहिजे तेव्हा वाजत नाही. बर्फाची पेटी आहे, बर्फ नाही. सुया टाकतो. एका फेरीत वीस गावं, म्हणजे एका गावाला महिन्यातून एकदाच पोचतो. तिथे गोरखचिंचेच्या झाडाखाली टेबल मांडायचं. चौघांनी हात धरले तरी कवेत येणार नाही एवढं खोड असतं. सकाळी सातला दीडशे माणसं बसलेली असतात. मलेरिया, जंत, गोवर, डोळे, पुन्हा मलेरिया. संध्याकाळी मान वर करावी तर अजून साठ उरलेली.

बोलण्याचं काम जुमा करतो. जुमा म्हणजे ड्रायव्हर, दुभाष्या, मेकॅनिक आणि दिवसभर माझ्यावर हसणारा माणूस. मी पाच वाक्यं बोललो की तो दोन शब्दांत आटपतो. मी एक शब्द बोललो की त्याचं भाषण सुरू होतं. नक्की काय सांगतो, त्याचा देव जाणे.

पण एक गोष्ट लिहितो, ती बाबांना मोठ्याने वाचून दाखव. तुझं पत्र आलं त्या दिवशी जुमाला विचारलं, इथल्या भाषेत "येतो" कसं म्हणतात? म्हणाला, "नाकुजा". तेव्हापासून प्रत्येक गावातून निघताना हात जोडतो आणि स्वतःच्या तोंडाने म्हणतो, "नाकुजा." दुभाष्या मध्ये नाही. लोकांचे चेहरे असे उजळतात म्हणून सांगू! तुझी शिकवण विषुववृत्त ओलांडून आली. आता तरी तो "जातो" आत घे.

फक्त ही माणसं फार चिवट आहेत. तपासून झालं, औषध दिलं, आम्ही गाडीत बसलो, तरी उठतच नाहीत. आरशात दिसतं, झाडाखाली तशीच बसलेली. घरी जायला काय होतं, कळत नाही.

४ ऑगस्टचं तिकीट आहे. गणपतीला घरी.

तुझा
हितेश

*

अष्टमी, रोहा
९ जून १९९६

चि. हितेश,

तुझं पत्र कारखान्यात सगळ्यांसमोर वाचलं. "नाकुजा" ऐकून तुझा बाप म्हणाला, "याच्यात नाक कुठं आलं?" पण हसला. पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटं धरून बघितलं आणि म्हणाला, "शिकला म्हनायचा एकदाचा." "जातो" आत घेतलाय. पाटीवरची धूळही पुसली गेली. मी नाही पुसली.

आता सिस्टर म्हणून बोलते, आत्या म्हणून नव्हे. लोक उठत नाहीत आणि तू त्यांना चिवट म्हणून मोकळा होतोस? रोगी बसून राहतो त्याची दोनच कारणं असतात. एक, त्याला हवं ते मिळालेलं नाही. दोन, त्याला कोणीतरी काहीतरी सांगितलंय. विचारलंस का? आरशात बघून निदान करायला कुठल्या कॉलेजात शिकवलं? गाडी थांबव, खाली उतर, विचार. डॉक्टर लोकांची ही जुनी खोड. छातीला नळी लावून ऐकतील, पण तोंडातून बोललेलं ऐकायचे नाहीत.

अजून एक गोष्ट आहे. ती लिहू नकोस अशी मला शपथ घातलीय, म्हणून लिहिते. तुझ्या बापाचा हात थरथरतो. माती, साचा, रंग, सगळं होतं. डोळ्यांची आखणी होत नाही. मागच्या आठवड्यात डोळे काढायला बसला आणि तीन मूर्ती फुकट घालवल्या. बुबुळ एक इकडे, एक तिकडे. मग ब्रश फेकला, बाहेर जाऊन बसला आणि मला म्हणाला, "चश्मा बदलाया होवा." चश्म्याने हात थरथरत नाही, हे मला तो शिकवणार! कारखान्यात त्याच्यानंतर आखणीचा हात कोणाचा असेल तर तुझा. चौदाव्या वर्षी तू काढलेले डोळे मुंबईची मंडळं मागून न्यायची. यंदा अधिक महिना आलाय, चतुर्थी सोळा सप्टेंबरला. म्हणजे ऑगस्टभर आखणीचं काम. सातशे मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या आहेत आणि दाराकडे तोंड करून आहेत.

४ तारखेचं विमान चुकवू नकोस. मी तुझ्या आईला सांगून टाकलंय, हितेश येतोय.

तुझी
गिरजाआत्या

*

सिंगिडाजवळ
३ जुलै १९९६

ती. आत्या,

तुझं पत्र परवा मिळालं. "विचारलंस का?" या ओळीवरच अडकलो. विचारलं. पण उशीर झाला होता. माझ्याकडून काय झालंय ते जसंच्या तसं लिहितो.

म्तोनी नावाचं गाव आहे. २० मेला तिथे झैनाबू नावाची बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव रेहेमा. गोवर होऊन गेलेला, अंगावर मांस नाही, डोळे चिकटलेले. उघडून पाहिले तर उजव्या बुबुळावर पांढरं आलेलं, डावंही कोरडं पडत चाललेलं. 'अ' जीवनसत्त्वाची कॅप्सूल दिली, मलम घातलं, चिठ्ठी लिहिली आणि सांगितलं की आजच्या आज हिला तालुक्याच्या दवाखान्यात ने. गुरुवारी धान्याचा ट्रक जातो, तोवर थांबू नकोस, बैलगाडी कर. जुमाने सगळं नीट सांगितलं, याची मी खात्री केली. मग आमची निघायची वेळ झाली. मी तिच्यासमोर उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "नाकुजा."

२० जूनला परत गेलो. झैनाबू त्याच झाडाखाली. मला बघून उठली आणि तक्रार नाही, काही नाही, नुसती म्हणाली, "दक्तारी आले." रेहेमाचा उजवा डोळा गेला होता. मी ओरडलो, दवाखान्यात का नाही नेलंस? चिठ्ठी दिली होती ना? ती जुमाकडे वळून काही म्हणाली. जुमा नेहमी हसतो, तो हसला नाही. मला म्हणाला, "ती म्हणते, दक्तारी 'नाकुजा' बोलले."

आत्या, इथे "नाकुजा" म्हणजे "आलोच". परसाकडे जाणारा माणूस म्हणतो, चहा ठेवायला आत जाणारी बाई म्हणते. त्याचा अर्थ, हलू नका, इथेच बसा, मी हा आलो. तिला वाटलं दक्तारी गाडी घेऊन परत येतोय आणि पोरीला तोच नेणार आहे. तीन दिवस ती झाडाखालून हलली नाही. गुरुवारचा ट्रक समोरून गेला. त्यात बसली नाही, पुढच्या ट्रकांतही नाही, कारण मी येणार होतो. म्हणजे दोन महिने वीसच्या वीस गावांत मी लोकांना हात जोडून सांगत होतो, बसा, आलोच. आणि आरशात बघून त्यांना चिवट म्हणत होतो!

जुमावर खेकसलो. तुला ठाऊक होतं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, "मला वाटलं तुमच्यात देवाला सांगत असतील. तुम्ही हात जोडता ना."

त्याच दिवशी दोघींना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डावा डोळा अजून आहे. पण इथल्या सिस्टर म्हणतात, दोन-तीन महिने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागेल. खाणं सुधारायला हवं, बुबुळ पुन्हा तपासायला हवं. निघताना झैनाबूने मला विचारलं, "नाकुजा?"

दवाखाना चालवणाऱ्या संस्थेकडे ऑक्टोबरपर्यंत दुसरा डॉक्टर नाही. थांबतोस का म्हणतात. आणि इकडे तू लिहितेस की बाबांचा हात थरथरतो, सातशे मूर्ती दाराकडे बघतायत! हे एप्रिलमध्ये का नाही सांगितलंस? चार पानं भरून माझा उंबरा काढलास, तेव्हा हे सुचलं नाही? मला तुझा राग आलाय, बाबांचा आलाय, त्या शब्दाचा आलाय. सगळ्यात जास्त माझा. घरून निघताना जे म्हणायचं ते म्हणालो नाही आणि जिथे म्हणायचं नाही तिथे म्हणत सुटलो.

तिकीट ४ तारखेचं आहे. येतो. दुसरं काय करणार?

हितेश

*

अष्टमी, रोहा
२२ जुलै १९९६

चि. हितेश,

तार आधी मिळाली असेल. रोह्याच्या तार ऑफिसातल्या बाबूने मजकूर वाचला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं काय, बाई?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही, एकाला येऊ नको म्हणून सांगायचंय. म्हणाला, "त्याला तार कशाला लागते?" मी म्हटलं, तुम्ही पाठवा हो. "येऊ नकोस. पत्र मागून." एवढंच लिहिलं. आता हे ते पत्र.

तुला एक गोष्ट सांगते. ती मी तुझ्या बापालासुद्धा काल पहिल्यांदा सांगितली.

सतरा वर्षं झाली. रोह्याच्या वर एका वाडीत बायजा म्हणून कातकऱ्याची बाई होती. तिची पोर कमळी, पाच-सहा महिन्यांची. पोलिओच्या डोसाला बायजा तयार होईना. "आमच्या पोरांना काय बी होत नाय." तीन वेळा डोंगर चढले, तिच्या चुलीपाशी बसले, तिची नाचणीची भाकर खाल्ली, तेव्हा कुठे तिने पहिला डोस देऊ दिला. निघताना मी म्हटलं, "येते गो, बायजा. पुढचा डोस मीच देईन." पुढच्या आठवड्यात माझी दुसऱ्या टोकाच्या वाड्यांवर बदली झाली. मी सामान बांधलं आणि गेले. वाडीवर निरोपसुद्धा धाडला नाही. कागदावर नवीन सिस्टरचं नाव घातलं, म्हटलं झालं काम. नवीन सिस्टर चढून गेली, तेव्हा बायजाने पोर पदराआड घेतली. म्हणाली, "आमची बाई येते बोलली हाय. तिच्या हातून देन. तुज्या हातून नाय." दोनदा परत पाठवली. पुढच्या पावसाळ्यात कमळीचा पाय गेला.

कमळी आता रोह्याच्या बाजारात बसते. या दिवसांत कंटोळी, टाकळा विकते. मला लांबून ओळखते, आईने कधी दाखवलं असेल, आणि हाक मारते, "बाई, बऱ्या हाव ना?" तिच्या आवाजात राग नसतो रे. म्हणून मी मासळीच्या गल्लीतून वळसा घालून जाते. ती बाजारात बसायला लागल्यापासून मी सरळ रस्त्याने भाजी आणलेली नाही.

आणि ही बाई तुला चार पानं भरून उंबरा शिकवत होती! मला वाटायचं, "येतो" हा म्हणायचा शब्द आहे. म्हटला की काम झालं. तो म्हणायचा नसतो, करायचा असतो. तुझं पत्र वाचून मला तुझा राग आला नाही. माझीच लाज वाटली.

तुला तिथली भाषा येत नव्हती, ही तुझी चूक. पण ती बाई चुकली नाही. तू येतो म्हणालास, तिने खरं मानलं. तेव्हा तिच्या पोरीचा दुसरा डोळा निर्धास्त होईपर्यंत तू तिथून हलायचं नाहीस. महिन्याने गावात जायचं, तिला तोंड दाखवायचं.

कारखान्यात पत्र वाचलं तेव्हा तुझा बाप मातीचे हात तसेच धरून बसला होता. मग म्हणाला, "मी मातीच्या डोल्यांसाठी पोराला बोलवतंय आनि तो जित्या पोरीचा डोला सोरून येनार? त्याला सांग, आलास त पाटी मीच फोरीन." मग मला म्हणाला, "पन गिरजे, सातशे हायत गो."

तेव्हा मी हात पुढे केला. एकतीस वर्षं सुई धरलेला हात आहे. तान्ह्या पोराच्या शिरेत सलाइन लावलेला हात आहे. मीही त्याच कारखान्यात जन्मले, लग्नाआधी बापाला रंग कालवून द्यायचे. आता अष्टमीहून रोज सकाळच्या गाडीने जोह्याला. पहिल्या दिवशी पाच डोळे काढले. हो, पाच. सहाव्याला हिरामण किंचाळला, "बये, इंजेक्शन नाय टोचायचा, देव बघला पायजे!" तिरळा झालाय थोडा. तो मी घरी आणणार आहे. आपल्याकडे बघताना शेजारणीकडे पण बघेल.

आज येताना सरळ रस्त्याने आले. कमळीकडून कंटोळी घेतली. "बाई, आज इकडनं?" म्हणाली. मी तिथेच तिच्या गोणपाटावर बसले. काय बोलले ते तुला लिहिणार नाही.

तुझी
गिरजाआत्या

*

सिंगिडाजवळ
२२ सप्टेंबर १९९६

ती. आत्या,

तार मिळाली तेव्हा बॅग भरलेली होती. जुमाने तार बघून विचारलं, कोणी वारलं का? तार म्हटली की जगात सगळीकडे एकच प्रश्न.

तू नंतर पाठवलेला फोटोही मिळाला, तिरळ्या बाप्पाचा. मी तो खिशात ठेवून म्तोनीला नेला. झाडाखाली रेहेमाला समोर उभं केलं, उजव्या डोळ्यावर हात धरला आणि फोटो पुढे केला. तिने बोट सोंडेवर ठेवलं आणि म्हणाली, "तेम्बो." तेम्बो म्हणजे हत्ती. मी फोटो एक पाऊल मागे नेला. तेम्बो. आणखी चार पावलं. तेम्बो! शेवटी जुमा फोटो घेऊन गाडीपाशी जाऊन उभा राहिला, तर वैतागली. किती वेळा सांगू, अशी आईकडे बघायला लागली. बाबांना सांग, आत्याने काढलेल्या डोळ्यांनी एका डोळ्याची तपासणी झाली.

नवीन डॉक्टर १ तारखेला येतोय. त्याला पंधरवड्यात होतील तेवढी गावं दाखवून, एकेका माणसाशी गाठ घालून मगच निघेन. पण म्तोनीची माझी फेरी परवाची शेवटची होती. संध्याकाळी सगळे नेहमीसारखे बसले होते. मी झैनाबूसमोर उभा राहिलो. पुढच्या महिन्यात कोण येईल, त्याचं नाव काय, रेहेमाला कधी आणायचं, सगळं सांगितलं आणि तिच्याकडून वदवून घेतलं. मग जुमाने शिकवलेला दुसरा शब्द तोंडात आणला. "नाएंदा." म्हणजे जातो.

आत्या, जीभ उचलत नव्हती. कानात तुझं ओरडणं येत होतं. पण तिथे तोच शब्द खरा होता.

झैनाबूने माझ्याकडे नीट बघितलं. मान हलवली. मग उठली, लुगड्याची माती झटकली, रेहेमाचं बोट धरलं आणि घराकडे चालायला लागली. तिच्या मागून बाकीचे उठले. गाडी सुरू झाली तेव्हा मी आरशात बघितलं. झाडाखाली कोणी नव्हतं.

गाळ्याची किल्ली बाबांकडून घेऊन ठेव. पाटी पेणला लावू, पण आठवड्यातले दोन दिवस मला तुझ्या वरच्या वाड्या दाखव. पहिली बायजाची. मी औषधं घेईन, बोलायचं तू.

१४ ऑक्टोबरचं विमान आहे. उंबऱ्यात उभी राहा.

आत्या, येतो.

हितेश